पोटाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा: नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मुंबईत पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात पोटविकारांच्या वॉर्डात मी बावीस वर्षं नर्स होते. डिस्चार्जच्या कागदावर औषधं लिहिलेली असतात, पुढची तारीख असते आणि एका कोपऱ्यात ‘सॉफ्ट डाएट’ असं लिहिलेलं असतं. तो कागद हातात घेऊन माणसं लिफ्टपर्यंत जातात आणि तिथून परत येतात. "सिस्टर, पण घरी नेमकं करायचं काय?" खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. मी सांगते आहे ते उशाशी बसून करायच्या कामाबद्दल.

रुग्णाला घरी आणलं की सगळ्यात आधी काय करायचं?

एक वही आणा. पानाच्या मधोमध रेघ मारा, एका बाजूला ‘आत’ लिहा आणि दुसऱ्या बाजूला ‘बाहेर’. रुग्णाच्या पोटात गेलेला प्रत्येक पातळ पदार्थ ‘आत’च्या बाजूला येतो: पाणी, चहा, ताक, वरणाचं पाणी, गोळीबरोबर घेतलेले दोन घोटसुद्धा. ‘बाहेर’च्या बाजूला लघवी, उलटी, शौच, नळी असेल तर नळीतून आलेलं. घरातला रोजचा पेला एकदा मापून ठेवा, म्हणजे ‘एक पेला’ म्हणजे किती मिली हे कायमचं ठरून जातं. पोटात पाणी साठणाऱ्या रुग्णाचं वजनही रोज लिहा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी.

लालबागच्या एक मावशी होत्या. लिहिण्यावाचण्याची फारशी सवय नव्हती, म्हणून त्या नवऱ्याच्या प्रत्येक लघवीला एक उभी रेघ ओढायच्या, चार झाल्या की पाचवी आडवी. सोमवारच्या पानावर सहा रेघा होत्या, मंगळवारी चार आणि बुधवारी दोन. त्यांनी ते पान ओपीडीत डॉक्टरांसमोर ठेवलं तेव्हा नवरा खुर्चीत बसून नीट बोलत होता. तपासणीत किडनीवर ताण आल्याचं दिसलं आणि त्याच दिवशी दाखल करून घेतलं. नुसत्या ‘बरं वाटत नाही’वर त्या दिवशी कोणी थांबवून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

शौचाकडे बघायचं म्हणजे काय बघायचं? खरं सांगायचं तर किळस येते.

येणारच. मलाही पहिल्या वर्षी जेवण जात नसे. पण पोटाच्या रुग्णाची निम्मी बातमी तिथेच असते, आणि फ्लश केल्यावर ती बातमी गेली.

डांबरासारखी काळी, चकचकीत, चिकट आणि वेगळाच उग्र वास असलेली शौच म्हणजे अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्त जात असल्याची शक्यता. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती हिरवट छटेची असते, सहसा डांबरासारखी चिकटत नाही. हा फरक मला एका चुकीने शिकवला. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत एका आजींची काळी शौच मी बेडपॅनमध्ये पाहिली, चार्टवर लोहाची गोळी दिसली आणि मी ‘आयर्नमुळे’ असं लिहून मोकळी झाले. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी तोच बेडपॅन धुवायला नेताना मला हाक मारली, "सिस्टर, हे धुतलं तरी सुटत नाहीये." आजींचा रक्तदाब तोवर उतरायला लागला होता. वेळेत कळलं म्हणून त्या वाचल्या. त्यानंतर मी कुठल्याही काळ्या शौचेला गोळीचं नाव परस्पर दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका, फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

पांढुरकी, मातीच्या रंगाची शौच, सोबत गडद पिवळी लघवी आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची वाट अडली असण्याची शंका घ्यायची. लाल रंग दिसला तर आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते आठवा, नसेल तर लगेच दाखवा. शेंबडासारखी आव, वारंवार मुरडा, अंगात ताप, हेही वहीत लिहा.

जुलाब लागलेत. ओआरएस द्यायचं की दुकानातली तयार बाटली चालेल?

ओआरएसची पुडीच द्या, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी एका पेल्यात थोडी थोडी टाकून दिलेली मी असंख्य वेळा पाहिली आहे. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की फायद्याऐवजी त्रास होतो. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या.

हे प्रमाण कुणाच्या मनात आलं म्हणून ठरलेलं नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असलं की आतडं पाणीही आत ओढून घेतं, जुलाब चालू असतानासुद्धा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात ते पाणी कालवून नातेवाइकांच्या हातूनच रुग्णांना पाजायला लावलं आणि हजारो जीव वाचले. मला ही हकिकत फार जवळची वाटते, कारण त्यात शुश्रूषा घरच्या माणसाच्या हातात दिलेली आहे. आज मिळणारी पुडी २००२ पासूनच्या सुधारित, थोड्या कमी क्षारांच्या सूत्राची आहे.

रंगीत, गोड तयार पेयांमध्ये साखर जास्त असते, त्यांनी जुलाब वाढू शकतात. असल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानात घेताना लेबल वाचाच. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून चालतं. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने घासून सपाट.

उलटी झाली तरी ओआरएस बंद करू नका. दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग चमच्या-चमच्याने पाजा. आईच्या दुधावर असलेल्या बाळाचं दूध बंद करू नका. बाळाला डॉक्टर झिंकही देतात, साधारण दोन आठवडे. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नका, विशेषतः ताप किंवा रक्त असताना. हृदय, किडनी किंवा लिव्हरचा जुना रुग्ण असेल तर किती पाणी चालेल ते आधी फोन करून विचारा.

आमच्या चाळीत सगळ्यांना आळीपाळीने गॅस्ट्रो होतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पाणी आणि हात. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं आणि शुद्ध करूनच सोडलं जातं. पण तुमच्या गल्लीत ते ठरावीक तासच येतं. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो, आणि जुनी वाहिनी गटाराजवळून जात असली तर फटीतून घाण आत शिरते. म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी धुण्याभांड्याला घ्या आणि पिण्याचं नंतर भरा. जून ते सप्टेंबर पाणी खळाखळा उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. नुसतं कोमट करणं म्हणजे उकळणं नव्हे.

रुग्णाची शौच साफ करणाऱ्याने त्यानंतर साबणानेच हात धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. सार्वजनिक संडासाच्या कडीला, नळाला आणि टमरेलालाही हात लागतात हे लक्षात ठेवा. घरात कावीळ असेल आणि कोणी गरोदर असेल तर तिने रुग्णाची घाण साफ करू नये. पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

नाकातून नळी घालून दिली आहे. भरवताना फार भीती वाटते.

ही भीती चांगली आहे. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या या नळीतून, भरवताना घाई करणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो.

घरी निघण्याआधी सिस्टरकडून नळीवर नाकाजवळ पेनने खूण करून घ्या. प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती खूण जागच्या जागी आहे का ते बघा. सिरिंजने हलकेच ओढून जठरातला रस येतो का, तेही शिकून घ्या. खूण सरकलेली असेल, रुग्ण खोकत असेल, आवाज घोगरा झाला असेल तर काहीही घालू नका. नळी निघून आली तर घरी परत आत ढकलायची नाही. ती चुकून फुफ्फुसाच्या वाटेला जाऊ शकते.

रुग्णाला उठतं बसवा. बसवत नसेल तर उशा, घडी केलेली गोधडी, जे असेल ते पाठीमागे लावून डोक्याकडची बाजू निदान ३० ते ४५ अंशांवर आणा. भरवून झाल्यावर अर्धा ते एक तास तसंच राहू द्या. आमच्या वॉर्डातून घरी गेलेले एक आजोबा चौथ्या दिवशी दम लागून परत आले. सून मन लावून करत होती, दर दोन तासांनी मुगाचं कढण, मापात. फक्त आजोबा गादीवर सपाट आडवे असायचे, कारण दहा बाय बाराच्या खोलीत त्यांना टेकवायला भिंत मोकळी नव्हती. थोडं थोडं कढण वर येऊन फुफ्फुसात उतरत गेलं होतं. नंतर तिने कपाटाची जागा बदलून त्यांची गादी कोपऱ्यात नेली.

सिरिंजचा दट्ट्या काढून टाका आणि नळकांडं उंच धरा, म्हणजे अन्न आपल्या वजनाने उतरतं. एका वेळच्या २००-२५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागू द्यात. आधी आणि नंतर ३० मिली साधं पाणी सोडा, नाहीतर नळी चोंदते. घरी केलेलं मिश्रण बारीक गाळणीने गाळा आणि ताजंच द्या, मुंबईच्या उकाड्यात ते ओट्यावर राहू देऊ नका. गोळ्या कुटून घालण्याआधी विचारा, कारण काही गोळ्यांचं आवरण फोडलं की त्या निकामी किंवा अपायकारक होतात.

आणि तोंड. तोंडाने जेवत नाही म्हणून तोंड धुवायचं विसरतात. दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने जीभ, हिरड्या, गाल आतून पुसा. त्याने रुग्णाला किती बरं वाटतं ते त्याच्या डोळ्यांत दिसतं.

जेवतच नाहीत. बळंच भरवलं तर चालेल का?

नाही. पण चार घास खाऊन नको म्हणणाऱ्याला दोन तासांनी परत चार घास विचारा. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी करा: मऊ भात-वरण, पेज, नाचणीची खीर, दही, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं, ताजी मासळी. स्वादुपिंडाला (पॅन्क्रियाला) सूज असलेल्या रुग्णाला तूपतेल किती आणि कधी ते डॉक्टरांना विचारून घ्या, दारू मात्र कायमची बंद.

काविळीत महिनाभर उकडलेल्या बिनचवीच्या अन्नावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार घट्ट आहे. साध्या काविळीत घरचं हलकं, रुचेल तसं जेवण चालतं, उपासाने फक्त अशक्तपणा येतो. रस्त्यावरचा उसाचा रस मात्र नको, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे कोण जाणे. झाडपाल्याची औषधं आणून देणाऱ्या नातलगांना हात जोडा. आधीच सुजलेल्या लिव्हरला तेही पचवावं लागतं.

सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कायमचं कडक झालेल्या, रुग्णाचं डाळ, पनीर, मासळी परस्पर तोडू नका. स्नायू झिजत चाललेल्या माणसाला प्रथिनं हवीच असतात, आणि झोपण्याआधी काहीतरी खाल्लेलं चांगलं. तोडायचं ते मीठ, तेही वरून घेतलेलं नुसतं नाही: पापड, लोणचं, फरसाण, बाजारचा पाव आणि सुके बोंबील. "मीठ बंद केलंय हो सिस्टर" म्हणणाऱ्या घरात सुकटीची चटणी रोज चालू असलेली मी पाहिली आहे.

लिव्हरच्या रुग्णाला जुलाबाचं औषध का दिलंय? आम्ही ते बंद केलं.

आजच परत चालू करा आणि डॉक्टरांना कळवा. ते गोड पातळ औषध, लॅक्ट्युलोज, बद्धकोष्ठतेसाठी दिलेलं नसतं. थकलेलं लिव्हर रक्तातली घाण, त्यातही अमोनिया, साफ करू शकत नाही आणि ती मेंदूपर्यंत पोचते. हे औषध ती आतड्यातून बाहेर काढतं. रोज दोन ते तीन मऊ शौच व्हायला हव्यात. पाण्यासारखे जुलाब व्हायला लागले तर मात्रा कमी करायला विचारा. एक दिवस शौच झालीच नाही तर तेही लगेच सांगा.

मेंदूवर परिणाम व्हायला लागला की आधी झोप उलटी होते, दिवसा गुंगी आणि रात्री जाग. मग हात थरथरतात, बोलणं विसंगत होतं. मी घरच्यांना एक सांगत असे: रोज सकाळी वहीत त्यांची सही घ्या. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका काकांची सही सुबक, मोडीच्या वळणाची होती. एका सकाळी शेवटची रेघ पान सोडून खाली घसरली. मुलाने दुपारपर्यंत वाट न पाहता टॅक्सी केली.

पोटावर पिशवी लावली आहे. आता यांचं आयुष्य कसं जाणार?

चांगलं जाऊ शकतं, पण पहिला महिना कठीण असतो हे मान्य करूनच पुढे बोलते.

पोटावर दिसणारं आतड्याचं तोंड, ज्यातून शौच पिशवीत येते तो स्टोमा, लालसर, ओलं आणि तोंडातल्या गालासारखं दिसायला हवं. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका. जांभळं किंवा काळं पडलं तर लगेच निघा. त्याला वेदना कळत नाही, म्हणून परकराची नाडी किंवा पट्टा त्यावर घासत असेल तरी रुग्णाला समजणार नाही. नाडी वर किंवा खाली बांधा.

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करा, वजनाने ती ओढली जाते. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. मोठं कापलं की शौच कातडीला लागते आणि कातडी सोलवटते. बदलायची वेळ सकाळची, चहाच्याही आधी, तेव्हा आतडं शांत असतं. कातडी साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा, तेल किंवा क्रीम लावलंत तर चकती चिकटणार नाही. मे महिन्यात घामाने ती लवकर सुटते, एखादी जास्तीची घरात ठेवा.

लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही खूप जातं. अशा रुग्णाला नुसतं पाणी पाजत राहणं पुरत नाही, ओआरएसबद्दल विचारून घ्या. ओलं खोबरं, मका, शेंगदाणे सुरुवातीला नकोत आणि नंतरही बारीक चावून. पिशवीत सहा तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा असतील तर रुग्णालयात या.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमाची काळजी शिकवणारे लोक आहेत, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच काम करते. स्वतः पिशवी लावून वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलणं आमच्या दहा सूचनांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. निघताना पिशवी रिकामी करा, जास्तीची पिशवी आणि ओले पुसणे हातातल्या बॅगेत ठेवा, आणि गर्दीची वेळ टाळा.

झोपून असलेल्या रुग्णाला चार-चार दिवस होत नाही.

पाणी, थोडी हालचाल, आणि चहानंतर रोज त्याच वेळी बेडपॅनऐवजी शक्यतो कमोडच्या खुर्चीवर बसवणं, पायाखाली पाट ठेवून. इसबगोल दिलंत तर भरपूर पाण्याबरोबरच, आणि पोट फुगलेलं किंवा दुखत असताना मुळीच नाही. एक फसवणारी गोष्ट: खडा अडकलेला असताना त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं आणि घरच्यांना जुलाब वाटतात. पोटाचं कोणतंही औषध बदलण्याआधी सिस्टर किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

कोलोनोस्कोपीची (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघण्याची) तयारी घरी, तीही एकच संडास असताना?

शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही. पोट साफ करण्याचं औषध घेतल्यावर शेवटी बाहेर येणारं पाणी पिवळसर आणि आरपार दिसण्याइतकं स्वच्छ व्हायला हवं. गढूळ असेल तर फोन करून सांगा, नाहीतर तपासणी वाया जाते. लाल रंगाची पेयं नकोत, आत रक्तासारखी दिसतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं ते निदान आठवडाभर आधीच विचारा.

"गॅस झालाय" म्हणतात, सोडा दिला तर?

पन्नाशीच्या माणसाच्या छातीत दाटलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखला तर सोडा, ओवा, जेल काहीही देत बसू नका. ईसीजी काढा. मधुमेही माणसाला आणि बायकांना हृदयविकारात नुसती मळमळही होते. यात मला तुमच्याशी वाद घालायचा नाही, फक्त निघा.

आणखी कशासाठी रात्री धावायचं?

रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. काळी शौच. पोट लाकडासारखं कडक होणं. पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही बंद. सहा-आठ तास लघवी नाही. काविळीच्या रुग्णाला गुंगी. उलट्यांसोबत थंडी वाजून ताप. १०८ ला फोन करा आणि वही सोबत घ्या.

बाबा आमच्याकडून साफ करूनच घेत नाहीत. ओल्यातच पडून राहतात.

ज्या माणसाने आयुष्यभर घरात कोणासमोर बनियनसुद्धा काढलं नाही, त्याला मुलीने किंवा सुनेने धुणं सहन होत नाही. रागवू नका, पण ओल्यात राहू देऊ नका. एका रात्रीत कातडी लाल होते आणि मग जखम होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधून जुनी साडी लावा. रेडिओ मोठ्याने लावा. बाकीच्यांना गॅलरीत पाठवा. अंगावर चादर असू द्या आणि लागेल तेवढीच बाजूला करा. त्यांना स्वतः जेवढं पुसता येतं तेवढं त्यांच्या हातात ओलं कापड देऊन करू द्या, राहिलेलं तुम्ही करा. कोमट पाणी, घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा आणि कुशीवर वळवा, दर दोन तासांनी.

करताना दुसरंच काहीतरी बोला. आमच्या वॉर्डातल्या मावशी माझगाव डॉकमध्ये काम केलेल्या एका आजोबांना धुताना दर वेळी जहाजाबद्दल विचारायच्या. आजोबा डोळे मिटून सांगत राहायचे, आणि "झालं हो" म्हणेपर्यंत जहाज पाण्यात उतरलेलं असायचं.